जुन्या बाजारातली एक शिवराई: विक्रेत्याला सांगायचं की गप्प बसायचं?

कसब्यातला

नमस्कार मंडळी. दहा दिवस झाले, एक गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढतोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी पुण्याचा. वीस-बावीस वर्षं शिवराया जमवतोय. मराठ्यांची तांब्याची नाणी सोडून दुसरं काही घेत नाही. बुधवार चुकला तरी रविवारचा जुना बाजार मी सहसा चुकवत नाही. तिथे एक गृहस्थ बसतात, त्यांना सगळे मामाच म्हणतात. जुनी कुलपं, अडकित्ते, समया, आणि एका स्टीलच्या डब्यात नाणी. माझी पहिली शिवराई मी त्यांच्याकडूनच घेतली. नाण्याची काठावरची ठिपक्यांची रांग बघायला त्यांनीच शिकवलं. माझ्या मुलीच्या लग्नात ते पहिल्या पंगतीला होते.

त्या रविवारी डब्यात साठेक शिवराया होत्या. बऱ्याचशा मातकट, काही हिरव्या पडलेल्या. मामा म्हणाले, "तुम्हाला म्हणून सरसकट दीडशेला एक. निवडून घ्या." मी निवडायला बसलो आणि एकीवर बोट थांबलं. 'श्री', 'राजा' ठीक होतं. तिसऱ्या ओळीत 'शिव' हवं, तिथे अक्षरांची ठेवण वेगळी वाटली. खात्री नव्हती, पण छातीत धडधडायला लागलं. मी अठरा निवडल्या आणि ती शिवराई मुद्दाम मधोमध ठेवून चवड मामांच्या हातात दिली. त्यांनी कडेने मोजली, सत्तावीसशे घेतले, चहा पाजला.

घरी डिस्टिल्ड पाण्यात दोन दिवस ठेवली, मऊ ब्रश फिरवला, भिंगाखाली धरली. 'शंभू' वाचता येतंय. 'श्री राजा शंभू', मागे 'छत्रपति'. हे नाणं किती दुर्मीळ आहे ते इथल्या जाणकारांना सांगायला नको. दीडशे रुपयांशी त्याचा काही संबंधच नाही.

मधल्या रविवारी मी बाजारात गेलोच नाही. पाय निघेना. मामांना सांगायचं का? सांगायचं तर काय? आणि नाही सांगितलं तर त्यात चूक नेमकी काय आहे, हेही मला कोणीतरी नीट समजावून सांगा.

ढब्बू_पैसा

सर्वात आधी अभिनंदन! आयुष्यात एकदा असा दिवस येतो.

आता स्पष्ट बोलतो. चूक काहीही नाही. मामा विक्रेते आहेत. आपल्याकडचा माल ओळखणं हाच त्यांचा धंदा. त्यांनी स्वतः सांगितलं, "निवडून घ्या." निवडायची परवानगी दिली म्हणजे चांगलं ते उचलायचीही दिली. तुम्ही वीस वर्षं पुस्तकं वाचलीत, डोळे फोडलेत, खोटी नाणी घेऊन हात पोळून घेतलेत. त्या शिक्षणाची किंमत कधीतरी वसूल व्हायलाच हवी.

माझंच उदाहरण देतो. १८६२ सालचा राणीछाप रुपया १८७४ पर्यंत त्याच सालाने पाडला जात होता. मुंबईच्या टांकसाळीने खरं वर्ष कळावं म्हणून तारखेखाली, काहींवर वरच्या फुलाखालीही, बारीक ठिपके दिले. काही ठिपक्यांचे रुपये गल्लोगल्ली मिळतात, काही शोधूनही मिळत नाहीत. मी ठाण्यात एका दुकानात बसून दोन तास रुपये उलटेपालटे करतो, दुकानदार शेजारीच गप्पा मारत असतो. त्याला भिंग घ्यायला कोणी अडवलंय? मला हवा तो ठिपका मिळाला की त्याने सांगितलेले पैसे देतो, घासाघीससुद्धा करत नाही. उद्या एखादं नाणं खोटं निघालं तर तो मला पैसे परत देणार आहे का? नाही ना? मग नफ्याचा दिवस माझा.

पितळी_तराजू

मी काउंटरच्या पलीकडचा माणूस. मुंबईत नाण्यांचा व्यवसाय, तीस वर्षं होत आली. ढब्बू यांच्याशी बराचसा सहमत आहे, हे वाचून लोकांना आश्चर्य वाटेल.

आम्ही लॉट सरसकट भावाला लावतो तेव्हा त्यात एक कबुली असते. एकेक नाणं बघायला मला वेळ नाही, ज्याची नजर असेल त्याने न्यावं. दोनशे नाणी भिंगाखाली घालायची तर माझी दोन माणसं आठवडाभर अडकतात. ते पैसे मी वाचवतो, त्यातला काही भाग गिऱ्हाइकाच्या नजरेला जातो. हा व्यवहार मला मान्य आहे आणि त्याबद्दल कोणावर राग नाही.

राग कशाचा येतो ते सांगतो. एक, मी तोंडावर विचारलं, "यात काही वेगळं आहे का हो?" आणि समोरचा म्हणाला, "छे, साधीच आहेत." दोन, कोणी नाणं निवडताना हाताखाली झाकलं, दुसऱ्याच्या खाली सरकवलं. या दोन्हीत तो माझ्या आळसाचा फायदा घेत नसतो, माझ्या विश्वासाचा घेत असतो. कसब्यातले दादा, रागावू नका, पण चवडीच्या मधोमध ठेवलंत हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. तुम्हाला झोप लागत नाही ती नाण्याच्या किमतीमुळे नाही, त्या चवडीमुळे.

आणखी एक. पंधरा वर्षांपूर्वी एका शिक्षकांनी माझ्याकडून १८४० चे काही रुपये घेतले. दुसऱ्या दिवशी परत आले आणि म्हणाले, "यातला एक तुम्ही समजता त्यापेक्षा चांगला आहे, पानांच्या माळेतली फळं मोजा." मी मोजली, थक्क झालो. त्यांनी वर थोडे पैसे दिले, मी थोडे घेतले. त्या दिवसापासून गावाकडून नवीन माल आला की पहिला फोन त्यांना. त्यांच्या संग्रहात आज जे आहे ते नुसत्या पैशाने कोणालाही जमवता आलं नसतं.

राणीछाप

सगळ्यांचे प्रतिसाद वाचतेय. विक्रेता आणि संग्राहक यांचं तुम्ही बघून घ्याल, दोघांनाही नाणी कळतात. मला तिसऱ्या माणसाबद्दल बोलायचंय, ज्याला काहीच कळत नाही.

माझे वडील सांगलीला नोकरीत होते, चांदीचे रुपये जमवायचे. ते गेल्यावर आईने त्यांच्या एका परिचितांना घरी बोलावलं. तेही संग्राहक. आईचा हेतू सरळ होता: कोणीतरी जाणतं माणूस बघेल, मग ठरवू. ते गृहस्थ तासभर बसले, नाण्यांचे तीन ढीग केले. दोन मोठे, एक छोटा. म्हणाले, "मोठे ढीग ठेवा, लक्ष्मीपूजनाला होतील. हे थोडे मी चांदीच्या भावाने घेतो, तुम्हाला हातखर्चाला होईल." आईने विचारलं, "म्हणजे सगळे साधेच ना?" ते काही बोलले नाहीत, पिशवीची गाठ मारत होते.

दोन वर्षांनी मला बाबांची वही सापडली. त्यात एका ओळीत लिहिलं होतं: "१९११, हत्तीचा." तेव्हा मला अर्थ कळला नाही, नंतर वाचून कळला. पंचम जॉर्जच्या पहिल्या रुपयावर राजाच्या वस्त्रावर हत्ती होता, पण त्याची सोंड इतकी आखूड कोरली गेली की लोकांना ते डुक्कर वाटलं. ओरड झाली, रुपये मागे घेतले गेले, १९१२ पासून हत्ती नीट कोरून नवा ठसा आला. बाबांनी तो १९११ चा रुपया बारा महिन्यांच्या बचतीतून घेतला होता, तेही वहीत आहे. आमच्याकडे राहिलेल्या मोठ्या ढिगांत तो नव्हता. छोट्या ढिगात गेला.

मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, "मी खोटं काय बोललो सांगा." खरंच आहे, खोटं एक शब्द बोलले नाहीत. आई अजूनही म्हणते, जाऊ दे. मला पैशाचं दुःख नाही. बाबांनी कशासाठी पोट मारलं होतं ते आईला त्या दिवशी कळू शकलं असतं. तिला सांगून त्यांनी तोच रुपया निम्म्या किमतीत मागितला असता तर आईने आनंदाने दिला असता.

ढब्बू_पैसा

ताई, हे वाचून वाईट वाटलं. मी वर जे लिहिलं ते दुकानदाराबद्दल होतं. घरी सल्ला द्यायला बोलावलेल्या माणसाने खरेदीदार व्हायचंच असेल तर आधी भाव सांगायला हवा. नाहीतर त्याने फक्त बघून निघून जावं. यात माझं दुमत नाही.

नगरी_वकील

राणीछाप ताईंच्या आईने विचारलेला प्रश्न आणि त्यावरचं मौन, यावर १८७२ च्या करार कायद्यात जवळजवळ असंच उदाहरण आहे, म्हणून लिहितो.

कलम १७ चं स्पष्टीकरण म्हणतं की नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे. मात्र परिस्थितीमुळे बोलणं हे कर्तव्य ठरत असेल, किंवा ते मौनच बोलण्यासारखं असेल, तर ती फसवणूक. खाली घोड्याची उदाहरणं दिली आहेत. 'अ' लिलावात खोडीचा घोडा 'ब'ला विकतो आणि काही बोलत नाही, ही फसवणूक नाही. पण 'ब' ही 'अ'ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर नात्यामुळे सांगणं हे त्याचं कर्तव्य. आणि 'ब' म्हणाला, "तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा चांगला आहे असं मी धरतो," आणि 'अ' गप्प बसला, तर ते मौन म्हणजे बोलणंच. "सगळे साधेच ना?" या प्रश्नावर पिशवीची गाठ मारणं मला याच जातीचं वाटतं. चौथं उदाहरण ढब्बूंच्या बाजूचं आहे: दोघे व्यापारी, एकाला भाव बदलल्याची खाजगी बातमी आहे, दुसऱ्याला ती सांगायला तो बांधील नाही.

पण कसब्यातल्यांसाठी महत्त्वाचं उदाहरण कलम १९ खाली आहे. 'अ'ला 'ब'च्या जमिनीत खनिजाची शीर सापडते. तो ती दडवण्यासाठी उपाय योजतो, दडवतो, आणि 'ब'ला ठाऊक नाही म्हणून जमीन कमी किमतीत घेतो. असा करार 'ब'च्या इच्छेवर रद्द होऊ शकतो. ठाऊक असणं आणि दडवणं यात कायद्याने रेघ ओढली आहे. एका शिवराईसाठी कोणी कोर्टात जात नाही, हे उघड आहे. पण दीडशे वर्षांपूर्वी ज्यांनी हा मसुदा केला त्यांना चवडीच्या मधोमध ठेवलेलं नाणं बरोबर समजलं असतं.

नवा_संग्राहक

मी जळगावचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सगळे संग्राहकांच्या प्रामाणिकपणावर बोलताहेत, पण माझं काय झालं ते ऐका. एका नाणे प्रदर्शनात मी १९३९ चा रुपया घेतला. जुन्या शुद्धतेच्या चांदीतला तो शेवटचा रुपया, १९४० पासून चांदी निम्म्यावर आली, म्हणून त्याला मागणी. स्कॉलरशिपचे सगळे पैसे घातले. घरी आल्यावर कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितला तर १९३८ च्या आठाचं खालचं वेटोळं एका बाजूने खरवडून नऊ केलेला. विक्रेता म्हणाला, "माझ्याकडे आला तसाच दिला." बिल नाही. मग अशा लोकांना आपण कशाला सांगायचं, की तुमच्या डब्यात काय आहे?

पितळी_तराजू

बाळा, ज्याने तुला ते दिलं त्याला ते ठाऊक होतं. १९३९ विकणारा प्रत्येक जण आधी तो नऊ बघतो, आमच्यात ही पहिली शिकवण असते. तुझं नुकसान ही आमच्या व्यवसायाची लाज आहे. यापुढे मोठं नाणं घेताना बिलावर लिहून घे: "खोटे किंवा फेरफार केलेले आढळल्यास पूर्ण रक्कम परत." जो लिहून द्यायला कां-कूं करतो त्याच्याकडून घेऊ नकोस. एरवी मुंबईला आलास तर माझ्याकडे ये. खोट्या १९३९ ची माझ्याकडे चांगली अर्धी डझन आहेत, खऱ्याशेजारी ठेवून दाखवतो. तासाभरात डोळा तयार होईल.

पण त्या माणसाचा हिशेब मामांकडून चुकता करू नये, एवढंच म्हणतो.

मोडी_वाचक

धाग्याच्या मूळ नाण्याकडे वळतो. 'शंभू' वाचलं म्हणजे लगेच छत्रपती संभाजी महाराजांचं म्हणू नका. त्यांची कारकीर्द १६८१ ते १६८९. कोल्हापूरच्या गादीवरही संभाजी होते, १७१४ ते १७६०. नाव एकच, म्हणून अक्षरांचं वळण, नाण्याचं वजन, घडण, सगळं बघावं लागतं. आणि झिजलेल्या 'शिव'चा 'शंभू' वाचणारे उत्साही लोक मी पुष्कळ बघितलेत. ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळे अर्धी अक्षरं काठाबाहेर जातात आणि जे उरतं त्यात आपण आपल्याला हवं ते वाचतो. दोन्ही बाजूंचा तिरक्या उजेडातला फोटो आणि दोन दशांश स्थळांपर्यंत वजन टाका.

कृपा करून चिंच लावू नका! दर दिवाळीला कुठल्या तरी घरात चांगली शिवराई चिंच-मिठाने घासून लखलखीत होते आणि तिच्यावरचा तीनशे वर्षांचा थर गटारात जातो.

सातासमुद्रापार

कॅलिफोर्नियातून. नाणं खरं असेल तर मी घ्यायला तयार आहे, किंमत तुम्ही सांगा. पुढच्या महिन्यात भाऊ इकडे येतोय, त्याच्याबरोबर पाठवता येईल.

नगरी_वकील

नाही पाठवता येणार. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं म्हणजे १९७२ च्या पुरावशेष कायद्याने पुरावशेष, आणि ते देशाबाहेर नेणं कोणाही खाजगी माणसाला मना आहे. खिशात घालून नेणाऱ्यालाही. भावाला अडचणीत टाकू नका.

सातासमुद्रापार

हे लक्षातच आलं नाही. धन्यवाद. माझा प्रतिसाद मागे घेतो.

गोदाकाठ

मी नाशिकचा. अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे अधूनमधून जाणं होतं, त्यामुळे मला या धाग्यातली एक ओळ सर्वात जास्त खटकली. ती किमतीबद्दलची नाही. "बऱ्याचशा मातकट, काही हिरव्या पडलेल्या."

साठ शिवराया एकाच वेळी, एकाच डब्यात, सगळ्यांवर तीच माती? वर्षानुवर्षं फिरून जमलेल्या नाण्यांवर एकसारखी माती नसते. ही एका ठिकाणाहून निघालेली असू शकतात, म्हणजे निधी, पुरून ठेवलेला साठा. तसं असेल तर ती शंभू शिवराई एकटी फारसं बोलणार नाही. तिच्याबरोबर कोणत्या शिवराया होत्या, त्या कुठल्या गावात, कशात पुरल्या होत्या, त्यावरून ती कोणत्या संभाजीची हे ठरू शकतं. मोडी_वाचक काकांचा प्रश्न सोडवणारं उत्तर मामांच्या डब्यात पडलेलं आहे, आणि तो डबा बुधवारी आणि रविवारी दीडशेला एक या भावाने रिकामा होतोय.

आमच्याकडचं जोगलटेंभीचं उदाहरण घ्या. १९०६ मध्ये तिथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेरा हजारांहून अधिक. सगळी नहपान या क्षत्रप राजाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. सातवाहन राजाने नहपानाला हरवून त्याचा पैसा आपल्या नावाने चालवला, हे या साठ्यामुळे इतकं लख्ख दिसलं. तीच नाणी चार सराफांकडे वाटून गेली असती तर वितळून वाळे-जोडवी झाली असती, फार तर दहा-वीस नाणी इकडेतिकडे संग्रहात राहिली असती, आणि प्रमाण कधीच कळलं नसतं. नऊ हजारांवर ठसा आणि चार हजारांवर नाही, या आकड्यातच तर इतिहास आहे.

म्हणून दादा, मामांना सांगायचं की नाही ही चर्चा आपण नंतर करू. आधी उरलेल्या शिवराया थांबवा. आणि त्या थांबवायच्या तर मामांना सांगावंच लागेल.

ढब्बू_पैसा

गोदाकाठ, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी आयुष्यभर एकेक नाणं निवडत आलोय. माझ्याआधी त्या डब्यात शेजारी काय होतं हे कधी विचारलं नाही.

राणीछाप

+१. दादा, रविवारची वाट बघू नका.

कसब्यातला

मामांचं घर मला ठाऊक नाही, फोन ते वापरत नाहीत. रविवारीच भेट होईल. सगळ्यांचं वाचलं. तराजू साहेब, तुम्ही चवडीबद्दल लिहिलंत ते खरं आहे.

कसब्यातला

रविवारचा वृत्तांत.

सकाळी साडेसहाला गेलो, मामा ताडपत्री अंथरत होते. अठराच्या अठरा शिवराया पुढ्यात ठेवल्या आणि आधी चवडीचं सांगितलं, मग नाण्याचं. मामांनी ती शिवराई हातात घेतली, अंगठा फिरवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "नाणं नेलंत त्याचं काही नाही. माझी नजर गेली आता, मला दिसलं नसतंच. पण लपवून का नेलंत? मागितलं असतंत तर मी नाही म्हणालो असतो का?" मला काही उत्तर देता आलं नाही. वीस वर्षांत एवढं अवघड मला त्यांच्यासमोर कधी झालं नव्हतं.

किमतीचं बोलणं मी काढलं तर त्यांनी हात वर केला. म्हणाले, "मी तरी कुठे एकेक मोजून घेतल्यात? किलोवर घेतल्या, तांब्याच्या मोडीच्या भावाने." जुन्नरकडून एक भंगारवाला येतो, त्याच्याकडून. शिवराया एका फुटक्या तांब्याच्या गडूत होत्या, गडूला आतून माती चिकटलेली. गडू अजून मामांकडे आहे! विकायला झाळून घ्यायचा म्हणून बाजूला ठेवला होता.

डब्यात आता एकतीस उरल्यात. बुधवारी बारा गेल्या. एक मुलगा सहा घेऊन गेला, बाकीच्या सुट्ट्या. मी मधल्या रविवारी तोंड लपवून घरी बसलो नसतो तर त्या बारा आज पिशवीत असत्या. हे मला कायम लागून राहील.

मामांनी भंगारवाल्याला निरोप पाठवला, तो दुपारी आला. त्याने सरळ सांगितलं. एका गावात जुना वाडा पाडत होते, पायाच्या भिंतीतून गडू निघाला, मजुरांनी त्याला दिला, त्याने वजनाने पैसे दिले. वाड्याचे मालक मुंबईला असतात, त्यांना यातलं काहीच ठाऊक नाही. गावाचं नाव इथे लिहीत नाही, लोक कुदळी घेऊन पोहोचतील.

वकील साहेब, आता पुढे काय करायचं?

नगरी_वकील

१८७८ चा निखात निधी कायदा. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही दडवलेली, काहीही मोल असलेली वस्तू म्हणजे निधी, त्यात पायाची भिंत आली. किंमत ₹१० च्या वर असेल तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं असतं. दहाचा आकडा तेव्हापासून तसाच आहे. अर्जात तीन गोष्टी लागतात: काय आणि किती सापडलं व अंदाजे किंमत, कुठे सापडलं, कोणत्या तारखेला. वस्तू कोषागारात जमा करायची, किंवा मागतील तेव्हा हजर करू अशी हमी द्यायची. न कळवणाऱ्याचा हिस्सा जातो आणि वर शिक्षाही होऊ शकते. निधीचा मालक ठरला नाही, आणि सापडणारा व जागेचा मालक यांच्यात करार नसेल, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाला उरलेला हिस्सा, अशी कायद्यात तरतूद आहे. सरकारला निधी ठेवून घ्यायचा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येतो.

सापडणारे म्हणजे ते मजूर. त्यांच्या नावाने अर्ज व्हायला हवा, तुमच्या किंवा मामांच्या नाही. मजूर घाबरतील, म्हणून सोबत कोणीतरी समजावणारा हवा. मसुदा मी करून देतो, फी नको.

पितळी_तराजू

हे कळलं की काही जण म्हणतील, कशाला लफड्यात पडता, तांब्याचीच तर नाणी आहेत. माझ्या दुकानात गेल्या तीस वर्षांत असे किती गडू येऊन गेले असतील याचा विचार करतोय. मी फक्त भाव बघितला. कुठून आलं हे विचारलं की माल आणणारा दुसऱ्या दुकानात जातो, म्हणून विचारायचं नाही, हा आमच्याकडचा अलिखित नियम. तो मी आजपासून मोडतो.

गोदाकाठ

दादा, गडूला आतून चिकटलेली माती धुवू नका, झाळायलाही देऊ नका. एकोणपन्नास नाण्यांचं प्रत्येकी वजन, दोन्ही बाजूंचे फोटो, क्रमांक घातलेल्या कागदी पाकिटात. प्लॅस्टिक नको. दुर्मीळ-साधी असा भेद करू नका, सगळ्यांची नोंद सारखीच. तुमच्या शिवराईलाही त्यातलाच एक क्रमांक.

कसब्यातला

काल रात्री बसून केलं. मामा घरी आले होते. मी वजन करत होतो, ते पाकिटांवर आकडे घालत होते. शंभू शिवराई सतरा क्रमांकाची आहे. मोडी_वाचक काका, तिचे फोटो आणि वजन तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवलंय. आणखी एक, क्रमांक चाळीस, तिच्यावरही तिसरी ओळ वेगळी वाटते, पण ती निम्मी काठाबाहेर आहे. ती मामांच्या उरलेल्या एकतीसांतली.

मामांनी सत्तावीसशे परत द्यायला काढले. मी घेतले नाहीत, त्यांनीही खिशात घातले नाहीत, म्हणून ते नाण्यांच्याच पिशवीत ठेवलेत. मजुरांना द्यायचे असं ठरलंय.

शनिवारी जुन्नरला जायचं आहे, आधी मजुरांकडे, मग वाड्याच्या मालकांचे गावातले भाऊबंद. मामांना एसटीने इतका प्रवास झेपणार नाही.

ढब्बू_पैसा

माझ्याकडे गाडी आहे. शुक्रवारी रात्री डोंबिवलीहून निघतो, पहाटे पुण्यात. चालेल का?

कसब्यातला

चालेल. सकाळी सहाला कसबा गणपतीपाशी या. चहा माझ्याकडे.

मोडी_वाचक

सतरा आणि चाळीस दोन्ही बघितल्या. सतरावर 'शं' स्पष्ट आहे, त्यात वाद नाही. चाळीसचा आणखी एक फोटो पाठवा, उजेड डावीकडून घ्या.